आविष्कारला पहिल्यांदा जाताय? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

गणपती उठले की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. "आविष्कार संशोधन स्पर्धा, इच्छुकांनी अमुक सरांना भेटावे, अंतिम तारीख शनिवार." आणि हा कागद लागतो बुधवारी. मग तीन दिवस नुसती पळापळ, कोणीतरी सिनियरचा जुना प्रोजेक्ट आणतं, कोणी यूट्यूबवरून ऑटोमॅटिक पाणी देणारी सिस्टिम बनवतं, आणि पुढच्या फेरीत परीक्षक दोन प्रश्न विचारतात की सगळे गप्प. मी पण त्यातलीच होते. पहिल्या वर्षी झोनलमधून परत आले, दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या फेरीपर्यंत गेले, तिथनं पुढं नाही गेले पण नेमकं काय चुकलं ते मात्र नीट कळलं. ज्युनियर्स दर ऑगस्टमध्ये तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आविष्कार ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, २००६ साली कुलपती म्हणजे राज्यपालांच्या पुढाकारानं सुरू झाली. आधी कॉलेज, मग झोन किंवा जिल्हा, मग विद्यापीठ, आणि शेवटी सगळ्या विद्यापीठांची मिळून राज्यस्तरीय. राज्य फेरीत नेहमीची विद्यापीठं तर असतातच, शिवाय राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ असे सगळे येतात, त्यामुळे शेतीवर काही करत असाल तर समोर कोण उभं राहणार ते आधीच लक्षात ठेवा.

१. आधी ठरवा, तुमचं काम नेमकं कुठल्या स्पर्धेचं आहे

इथंच अर्धे लोक गोंधळतात. आविष्कारमध्ये तुम्ही काहीतरी शोधून काढलंय, मोजलंय, त्याचा निष्कर्ष आहे, हे दाखवायचं असतं. मॉडेल असलं तर चांगलंच, पण नुसतं मॉडेल नको.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन हा वेगळा प्रकार आहे. तिथं मंत्रालयं, सरकारी खाती, कंपन्या प्रश्न देतात आणि तुम्ही त्याचं उत्तर बनवायचं. २०१७ पासून चालू आहे. टीम सहा जणांची, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि सगळे एकाच कॉलेजचे, त्यामुळे "माझा दुसऱ्या कॉलेजातला मित्र कोडिंगला भारी आहे" हे विसरा. तिथं परस्पर नाव टाकता येत नाही, आधी कॉलेजची अंतर्गत हॅकेथॉन होते आणि मग कॉलेजचे एसपीओसी म्हणजे नेमून दिलेले सर किंवा मॅडम तुमची टीम पुढं पाठवतात. तुमच्या कॉलेजात एसपीओसी कोण हे ऑफिसमध्ये विचारून कळलं नाही तर आयआयसी, म्हणजे इनोव्हेशन कौन्सिल बघणाऱ्या सरांना विचारा, त्यांना नक्की माहिती असतं.

अन्वेषण म्हणून अजून एक असते, भारतीय विद्यापीठ संघाची. ती साधारण आविष्कारसारखीच, पण देशपातळीची आणि विद्यापीठामार्फतच जायची. पहिल्याच वर्षी त्याचा विचार नका करू.

ज्याच्याकडे आकडे आहेत त्यानं आविष्कार, ज्याच्याकडे टीम आणि कोड आहे त्यानं हॅकेथॉन. दोन्हीकडे एकच प्रोजेक्ट ढकलणारे मी पाहिलेत, कुठंच नीट होत नाही.

२. गट आणि पातळी (माझं पहिलं वर्ष इथंच गेलं)

आविष्कारमध्ये सहा गट असतात. मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला. वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी. शुद्ध विज्ञान. कृषी आणि पशुसंवर्धन. अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान. वैद्यकशास्त्र आणि औषधनिर्माण. आणि पातळ्या म्हणजे पदवी, पदव्युत्तर, पीएचडी करणारे, आणि शिक्षकांची वेगळी.

तुम्ही कुठल्या शाखेत शिकता यापेक्षा प्रोजेक्ट कशाबद्दल आहे ते महत्त्वाचं. माझा प्रोजेक्ट कांदा चाळीचा, म्हणजे शेतकरी कांदा साठवतात त्या चाळीचा होता. आम्ही नाशिक जिल्ह्यातले, घरात कांदा नाही असं घर नाही. चाळीत तापमान आणि आर्द्रता मोजायला सेन्सर लावला होता म्हणून मी हौसेनं अभियांत्रिकीत नाव दिलं. झालं काय, परीक्षक इलेक्ट्रॉनिक्सचे, त्यांनी सरळ विचारलं की या सर्किटमध्ये नवीन काय आहे? काहीच नव्हतं, सर्किट इंटरनेटवरचंच होतं. माझं खरं काम कांद्यावरचं होतं आणि ते त्यांनी विचारलंच नाही, आणि त्यांची काय चूक, पाटी मीच चुकीची लावली होती.

म्हणून साधी युक्ती सांगते. तुमच्या प्रोजेक्टमधून यंत्र काढून टाकलं तर मागं काय उरतं ते बघा. काही उरलं तर तोच तुमचा गट. काहीच उरत नसेल तर यंत्रच तुमचं काम आहे, मग खुशाल अभियांत्रिकीत जा.

३. विषय कुठून आणायचा

गुगलवरून नको. खरंच नको, परीक्षकांनी "स्मार्ट डस्टबिन" आणि "अंधांसाठी काठी" इतक्या वेळा बघितलंय की तुम्ही तोंड उघडायच्या आधी त्यांना पुढचं वाक्य माहिती असतं.

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर ही विषयाची खाण आहे आणि आपण तिथं नुसते शोषखड्डे खणून आणि गाणी म्हणून परत येतो. दोन वर्षांत २४० तास भरायचेच असतात ना, मग त्यातले दोन तास गावातल्या माणसांशी बोलण्यात घालवा. "तुम्हाला काय अडचण आहे" असं विचारू नका, त्याला लोक रस्ता आणि पाणी एवढंच उत्तर देतात. "मागच्या वर्षी काय वाया गेलं" असं विचारा. मला शिबिरात एका आजोबांनी सांगितलं की चाळीच्या कडेचा कांदा राहतो आणि मधला सडतो, आणि ते त्यांनी असं सांगितलं जसं काही हे सगळ्यांना माहितीच आहे. मी कॉलेजातल्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माहिती आहे ना, मग किती सडतो ते सांग." किती ते कोणालाच माहिती नव्हतं.

उन्नत भारत अभियानात, म्हणजे कॉलेजांनी गावं दत्तक घ्यायच्या केंद्राच्या योजनेत, तुमचं कॉलेज असेल तर दत्तक गावांची पाहणी आधीच झालेली असते, ते फॉर्म कुठल्यातरी कपाटात पडलेले असतात. मागा. कॉमर्स, आर्ट्सवाल्यांनी तर हे नक्की करा, कारण त्यांच्या गटात गर्दी कमी आणि गावात विषय ढिगानं. बचत गटाचं कर्ज नेमकं कशावर खर्च होतं, आठवडी बाजारात किती जण अजून रोख घेतात, बोलीतले शेतीचे कुठले शब्द आता पोरांना कळत नाहीत. हे सगळं आविष्कारचंच आहे.

४. मोजायला उन्हाळ्यात सुरुवात करा

हा मुद्दा सगळ्यात मोठा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नोटीस सप्टेंबरच्या आसपास लागते, झोन आणि विद्यापीठ दिवाळीनंतर, राज्य फेरी साधारण जानेवारीत. म्हणजे नोटीस वाचून कामाला लागणाऱ्याकडे मोजायला पंधरा दिवस असतात, आणि पंधरा दिवसांत तुम्ही फक्त मॉडेल बनवू शकता, आकडे नाही.

रब्बीचा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. दुसऱ्या वर्षी मी परीक्षा संपल्या संपल्या मामांच्या चाळीत जाळीच्या पिशव्या ठेवल्या, प्रत्येकीत ५ किलो, अर्ध्या मधोमध आणि अर्ध्या कडेला, आणि दर रविवारी वजन. मामा म्हणायचे, "कांद्याला काय शाळेत घालायचंय का, दर रविवारी वजन घेतेस ते?" पण नोटीस लागली तेव्हा माझ्याकडं वहीभर आकडे होते आणि बाकीचे अजून विषय शोधत होते.

आता यात मी काय काय माती खाल्ली ते पण सांगते, तुमचा वेळ वाचेल.

पिशव्यांवर मार्करनं नंबर टाकले होते, जूनपर्यंत पुसले गेले. पत्र्याचे तुकडे कापून खिळ्यानं नंबर कोरा आणि तारेनं बांधा.

पहिल्या वर्षी डीएचटी११ सेन्सर घेतला होता, स्वस्त म्हणून. त्याची आर्द्रता पाच टक्के इकडं-तिकडं जाते. साध्या चाळीत कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता बरी मानतात, म्हणजे अख्खा पट्टाच पाच टक्क्यांचा, आणि माझ्या सेन्सरची चूकपण तेवढीच! मग मोजलं काय? दुसऱ्या वर्षी डीएचटी२२ घेतला, थोडा महाग आहे पण बरा आहे. आणि सेन्सर कुठलाही घ्या, तो खरं सांगतोय का ते तपासा. घरगुती पद्धत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास पाहिजे. नसेल तर फरक वहीत लिहून ठेवा. "कॅलिब्रेशन केलंय का" हा प्रश्न प्रत्येक फेरीत येतो आणि मिठाच्या झाकणाचं उत्तर दिलं की परीक्षकांचा चेहरा बदलतो, खोटं नाही सांगत.

चाळीत लाइट नसते म्हणून पॉवर बँक लावली तर ती थोड्या वेळात आपोआप बंद. सर्किट इतका कमी करंट घेतं की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. आठवडाभराचे आकडे गेले तेव्हा कळलं. शेवटी फवारणी पंपाची जुनी बॅटरी आणि व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल लावलं.

आणि सगळ्यात मोठी चूक, जिच्यामुळं विद्यापीठाच्या फेरीत अडकले. मी फक्त वजन घेत होते. परीक्षक म्हणाले, "वजन घटलं हे कळलं, पण ते पाणी उडून घटलं, सडून घटलं की कोंब आले?" तिन्हीचे उपाय वेगळे आहेत ना. सड वेगळी काढून तोलायला हवी होती, कोंब आलेले मोजायला हवे होते, काळी बुरशी कुठं आहे ते लिहायला हवं होतं. माझ्याकडं एकच आकडा आणि तो तिन्हीचा खिचडा. तुम्ही काहीही मोजत असाल, सुरुवातीलाच विचार करा की हा आकडा बदलला तर तो कशाकशामुळं बदलू शकतो, आणि ते सगळे रकाने पहिल्या दिवसापासून वहीत पाडा. मागनं पाडता येत नाहीत, कांदा तोवर फेकलेला असतो.

वही साधी, पानांना नंबर घातलेली, पेनानं. चुकलं तर एक रेघ मारा, व्हाइटनर नको. एक्सेल घरी करा.

५. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण माणसं इथंच बाद होतात. लागतं ते असं:

- कॉलेजचं ओळखपत्र, चालू वर्षाचं (मागच्या वर्षीचं घेऊन आलेली मुलगी माझ्यासमोर रडत होती)
- बोनाफाईड
- प्रवेशिका, त्यावर मार्गदर्शक आणि प्राचार्य दोघांच्या सह्या आणि गोल शिक्का
- जन्मतारखेचा पुरावा, कारण वयाची अट असते
- गोषवारा, छापील आणि पेनड्राइव्हवर
- फोटो, चारपाच जास्तीचे

प्राचार्यांची सही शेवटच्या दिवशी मिळेल असं समजू नका. प्राचार्य त्या दिवशी हमखास मीटिंगला असतात. एका टीममध्ये किती जण चालतात, सादरीकरण कोण करू शकतं हे त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, अगदी माझ्याही.

माणसांवर काही करत असाल, म्हणजे रक्त घेणं, औषध देणं, इतकंच काय आजाराबद्दल प्रश्नावली भरून घेणं, तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यावी लागते. काम झाल्यावर घेऊ म्हणाल तर नाही मिळत. साध्या सर्वेक्षणालासुद्धा संमतीपत्र मराठीत करा आणि सही घ्या.

६. गोषवारा

चारच गोष्टी: प्रश्न काय, कसं मोजलं, काय निघालं, त्याचा कोणाला काय उपयोग. "आजच्या धावपळीच्या युगात" आणि "भारत हा कृषिप्रधान देश आहे" ही दोन वाक्यं खोडा, तुमचा गोषवारा लगेच अर्धा होईल. आकडा पहिल्या तीन ओळींत यायला पाहिजे. मराठीत लिहिलं, मराठीत बोललं तरी चालतं, उगाच इंग्रजी पाठ करून अडखळू नका. आणि दुसऱ्याचं उचलू नका, तपासतात.

७. पोस्टर

साधारण मीटर बाय मीटर मागतात. फ्लेक्सवाल्याला हे अकरा चौरस फुटांच्या आसपास पडतं, तो फुटावर पैसे सांगतो. आता महत्त्वाचं: वर्डमध्ये युनिकोड मराठीत टाइप केलेली फाइल त्याला तशीच देऊ नका. तो कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडतो आणि जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. माझ्या पहिल्या पोस्टरवर "आर्द्रता"चा रफार सुटून बाजूला उभा होता आणि ते मला झोनलच्या हॉलमध्ये दिसलं. पीडीएफ करा, त्याच्या स्क्रीनवर स्वतः डोळ्यानं वाचा, मग "मार" म्हणा.

एक आलेख, मोठा. एक फोटो, चाळीत तुम्ही वजन करतानाचा. बाकी मजकूर सहा फुटांवरून वाचता आला पाहिजे. आदल्या दिवशी छापा, गुंडाळून न्या, घडी घालू नका. दोरी, दुहेरी टेप, टाचण्या, कात्री स्वतःच्या बॅगेत, तिथं कोणी देत नाही.

८. परीक्षकासमोर

पोस्टरजवळ उभं राहायचं, परीक्षक फिरत येतात. तुम्हाला पाचेक मिनिटं मिळतात, आणि सकाळी दहाला उभे केलेले दुपारी तीनला विचारले जातात, त्यामुळे काहीतरी खाऊन जा आणि पाणी ठेवा. आईला, शेजारच्या काकूंना, वर्गातल्या आर्ट्सच्या मैत्रिणीला सांगून बघा. काकूंना कळलं नाही तर पोस्टर बदला.

प्रश्न ठरलेलेच असतात. किती नमुने घेतले? तुलना कशाशी केली? आधी कोणी हे केलंय का? शेवटच्या प्रश्नाला "नाही सर, आम्हीच पहिले" हे उत्तर म्हणजे आत्मघात. कांद्याच्या साठवणीवर राजगुरुनगरला अख्खं कांदा-लसूण संशोधन केंद्र आहे, आणि मी पहिल्या वर्षी परीक्षकांना सांगितलं होतं की यावर कोणी कामच केलेलं नाही. ते हसले नाहीत, ते जास्त लागलं. आधी कोणी काय केलंय ते दोन-तीन पेपर वाचून जा, आणि "त्यांनी ते केलंय, मी आमच्या गावातल्या चाळीत हे बघितलं" असं सांगा. येत नसेल तर "हे नाही मोजलं" म्हणा, गोल गोल बोलू नका. खोदून विचारायला लागले तर घाबरू नका, ज्याच्यात दम नाही त्याला ते दोन प्रश्नांत सोडून पुढं जातात.

आणि कॉलेज फेरीत पहिले आलात म्हणून हवेत जाऊ नका. कॉलेज फेरीत बऱ्याचदा त्या गटात दोनच जण असतात.

९. पैसे आणि पेटंट

पेटंटचं नवीन फॅड आलंय. खरंच पेटंटसारखं काही असेल तर पोस्टर लावायच्या आधी अर्ज करा, कारण एकदा चारचौघांत दाखवलं की ते नवीन राहत नाही. तात्पुरता अर्ज ऑनलाइन करायला व्यक्तीला १,६०० रुपये फी आहे आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. पण "आठ दिवसांत पेटंट, सहा जणांची नावं, एवढे हजार" असे मेसेज येतात ना, ते बहुतेक डिझाइन रजिस्ट्रेशन असतं, म्हणजे वस्तू दिसते कशी त्याची नोंद, चालते कशी त्याची नाही. परीक्षकांना फरक कळतो. मला शेवटपर्यंत पेटंटची गरज पडली नाही.

प्रवासखर्च कॉलेज देतं, पण बिल असेल तरच. एसटीचं तिकीट, फ्लेक्सची पावती कॉलेजच्या नावानं, सेन्सरची पावती, सगळं एका पाकिटात. मी पहिल्या वर्षी तिकिटं फेकली, पैसे गेले. आणि जायच्या आधी हजेरीसाठी पत्र घ्या, नाहीतर परत आल्यावर प्रॅक्टिकलच्या सरांना समजावत बसावं लागतं, आणि विद्यापीठ फेरीच्या तारखा हटकून सबमिशनच्याच आठवड्यात येतात.